अमाडेउस (चित्रपट)

मिलोश फोरमन (१९३२–२०१८) दिग्दर्शित अमेरिकन चित्रपट. प्रदर्शन १९८४. पीटर शाफर यांचे याच नावाचे नाटक नोव्हेंबर १९७९ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये प्रथम रंगमंचावर आले. त्यावरून चित्रपटाची पटकथाही त्यांनीच लिहिली. निर्माते सॉल झेंट्स. व्हिएन्नाच्या दरबारातील संगीतकार आंतोनियो सालिएरी (१७५०–१८२५) आणि त्याच्याहून सुमारे साडेपाच वर्षांनी लहान व्होल्फगांग मोट्सार्ट (१७५६–९१) यांच्यातील स्पर्धा हा विषय. वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेला म्हातारा सालिएरी १८२३ मध्ये एका तरुण धर्मगुरूपुढे पापनिवेदन करतो, आणि सगळी कथा त्याच्याच तोंडून येते. समीक्षेत हा मुद्दा बऱ्याचदा निसटतो. पडद्यावरचा खिदळणारा, अश्लील कोट्या करणारा मोट्सार्ट हा सालिएरीच्या आठवणीतला मोट्सार्ट आहे, आणि आठवण सांगणारा माणूस मत्सराने पोखरलेला आहे. इतिहासाशी ताळा न जुळल्याबद्दल चित्रपटाला दोष देताना हे ध्यानात ठेवावे लागते.

शीर्षकातच थोडा खेळ आहे. मोट्सार्टचे बाप्तिस्म्याचे एक नाव ‘थेओफिलुस’, म्हणजे देवाला प्रिय किंवा देवावर प्रेम करणारा. तो स्वतः सहीत बहुधा ‘आमादे’ लिही. ‘अमाडेउस’ हे लॅटिन रूप त्याने थट्टेपुरतेच वापरलेले आढळते. शाफर यांनी नेमके तेच निवडले, कारण त्यांच्या सालिएरीचे खरे भांडण मोट्सार्टशी नसून देवाशी आहे. आयुष्यभर ब्रह्मचर्य आणि कष्ट देऊ केले, आणि प्रसाद मात्र या पोरट्याच्या पदरात पडला, ही त्याची तक्रार. (खऱ्या सालिएरीने १७७५ मध्ये लग्न केले होते आणि त्याला आठ मुले झाली.)

विषप्रयोगाच्या आख्यायिकेचे मूळ : मोट्सार्ट ५ डिसेंबर १७९१ रोजी वारला. नोंदीत कारण तीव्र पुरळज्वर असे दिले आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस बर्लिनच्या एका संगीत-साप्ताहिकाने, मृत्यूनंतर देह सुजल्यामुळे काहींना विषाचा संशय येतो, असे छापले. त्यात सालिएरीचे नाव नाही. आपल्याला विष दिले गेले असे मोट्सार्ट अखेरच्या महिन्यांत म्हणत असे, ही माहिती निमेचेक यांच्या १७९८ च्या चरित्रात येते आणि तिचा उगम बहुधा पत्नी कोन्स्टांझ हिच्याकडे जातो. सालिएरीकडे बोट वळले ते त्यानंतर, निश्चितपणे म्हणायचे तर १८२३–२४ च्या सुमारास. तेव्हा तो इस्पितळात होता आणि त्याने गुन्हा कबूल केल्याची कुजबुज व्हिएन्नात पसरली होती. बहिऱ्या बेटहोवनशी लिहून बोलण्याच्या वह्यांत या वावड्यांचे उल्लेख सापडतात. ऑक्टोबर १८२३ मध्ये पियानोवादक मोशेलेस भेटीस गेला तेव्हा सालिएरीने आरोप साफ नाकारला. पुढच्या वर्षी इटालियन लेखक कार्पानीने त्याच्या बाजूने लेख लिहिला. अशी कबुली आपण कधी ऐकली नाही, हे सालिएरीच्या सेवेकऱ्यांचे निवेदनही त्यात आहे.

अफवा तगली कशी, यावर दोन मते दिसतात. एक मत ती सालिएरीच्या भ्रमिष्ट अवस्थेपर्यंतच नेते. दुसरे मत तिच्या मागे दरबारातील जर्मन आणि इटालियन गटांची जुनी चुरस पाहते. दुसरे मत अधिक पटते, कारण तक्रारीची भाषा मोट्सार्ट कुटुंबाच्या पत्रांत आधीपासूनच आहे : सम्राटाला सालिएरीशिवाय कुणी दिसत नाही, असे मोट्सार्ट डिसेंबर १७८१ मध्ये लिहितो; ‘फिगारो’ या मोट्सार्टच्या संगीतिकेच्या पहिल्या प्रयोगाआधी सालिएरीचे टोळके आकाशपाताळ एक करील, अशी भीती त्याचे वडील १७८६ मध्ये व्यक्त करतात. तरी याच पत्रव्यवहारातले १४ ऑक्टोबर १७९१ चे पत्र वेगळाच सूर लावते. मोट्सार्टने सालिएरीला स्वतः गाडीने नेऊन आपली ‘जादूची बासरी’ ही संगीतिका दाखवली, आणि प्रत्येक तुकड्याला सालिएरी ‘वाहवा’ म्हणत होता. पुढे मोट्सार्टचा धाकटा मुलगा सालिएरीकडेच शिकला. मृत्यूच्या कारणाबद्दल संधिवाती ज्वर, मूत्रपिंड निकामी होणे, स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग असे अनेक तर्क झाले. विषाला आज फारसा कुणी थारा देत नाही.

आख्यायिकेला साहित्यरूप दिले ते अलेक्सांद्र पुश्किनने. १८३० च्या शरद ऋतूत बोल्दिनोत लिहिलेल्या ‘मोट्सार्ट आणि सालिएरी’ या छोट्या पद्यनाटकात सालिएरी पेल्यात विष घालतो. त्यावर रिम्स्की-कोर्साकोव्हने रचलेली संगीतिका १८९८ मध्ये मॉस्कोत झाली. शाफर याच वाटेने येतात, पण चित्रपटात विष नाही. तिथे सालिएरी मारतो तो दमवून : काळ्या वेशातल्या अनोळखी माणसाचे सोंग घेऊन मृतात्म्यांसाठीचे प्रार्थनासंगीत (रेक्विएम) रचायला लावतो. प्रत्यक्षात ही रचना काउंट फ्रांट्स फोन वाल्सेग याने मध्यस्थामार्फत मागवली होती. फेब्रुवारी १७९१ मध्ये वारलेल्या पत्नीच्या स्मरणार्थ ती स्वतःच्या नावावर खपवण्याचा त्याचा विचार होता.

अखेरचा लेखन-प्रसंग : चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग. मोट्सार्ट बिछान्यावर, घामाघूम. सालिएरी पायथ्याशी टाक घेऊन. मोट्सार्ट रेक्विएमच्या ‘कॉन्फुतातिस’ भागाचे आवाज सांगत जातो. आधी खर्जातले पुरुष, मग टेनर, मग वाद्ये : बासून (खर्जातले फुंकवाद्य) आणि ट्रॉम्बोन गायकांच्याच स्वरांवर, ट्रम्पेट आणि टिंपनी फक्त आधारस्वर व पंचम. सालिएरी मागे पडतो, थांब म्हणतो, कळत नाही म्हणतो, आणि मग एकदम चेहऱ्यावर उजेड पडतो. प्रत्येक ओळ आधी एकटी ऐकू येते, नंतर सगळ्या एकत्र वाजतात. स्वरलेखन न येणाऱ्या प्रेक्षकालाही रचना थराथराने कशी उभी राहते ते या मिनिटांत कळते. एवढे लोकसुलभ संगीत-विवेचन चित्रपटांत क्वचितच झाले असेल.

गंमत अशी की हस्तलिखित या प्रसंगाला पुरता दुजोरा देत नाही. मोट्सार्टने या भागाचे चारही गायनस्वर आणि खालचा आधार लिहिला होता, व्हायोलिनच्या काही महत्त्वाच्या जागा खुणावल्या होत्या. पडद्यावर तो इतक्या आवेशाने सांगतो ते ट्रम्पेट व टिंपनीचे स्वर पुढे आयब्लर आणि विशेषतः झ्युसमायर या संगीतकारांनी भरले. त्यापुढचा ‘लाक्रिमोसा’ भाग तर आठव्या मात्राविभागावरच थांबतो. सालिएरीचा या कामाशी काही संबंध नव्हता.

दफनाच्या दृश्याबद्दलही अशीच दुरुस्ती करावी लागते. पावसात चुना टाकलेल्या खड्ड्यात पोते ओतले जाते, ते अंगावर काटा आणते. पण अंत्यविधी तिसऱ्या वर्गाचा म्हणजे सामान्य नागरिकाच्या ऐपतीचा होता, आणि सेंट मार्क्स दफनभूमीतली कबर साधी, ठरावीक वर्षांनी पुन्हा वापरायची, सम्राट योझेफ दुसऱ्याच्या काटकसरी नियमांना धरून. दिवस ६ की ७ डिसेंबर, याबद्दल अजून वाद आहे. वादळी हवेची कथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची दिसते. दरबारी अधिकारी काउंट त्सिन्त्सेन्डोर्फच्या रोजनिशीत त्या दिवसांची हवा सौम्य आणि धुकट नोंदली आहे.

निर्मिती : चित्रीकरण १९८३ मध्ये मुख्यतः प्राग आणि क्रोम्येर्झीझ येथे झाले. १९६८ नंतर देशाबाहेर गेलेले फोरमन साम्यवादी चेकोस्लोव्हाकियात पाहुणे म्हणून परतले होते. ज्या नाट्यगृहात २९ ऑक्टोबर १७८७ रोजी ‘डॉन जोव्हान्नी’चा पहिला प्रयोग झाला, तिथेच संगीतिकांची दृश्ये घेतली गेली. छायाचित्रण मिरोस्लाव ओंद्रिचेक, वेशभूषा थेओडोर पिश्टेक, नृत्ये ट्वायला थार्प, संगीत-संचालन नेव्हिल मॅरिनर. सालिएरी एफ. मरे एब्रहॅम, मोट्सार्ट टॉम हल्स, कोन्स्टांझ एलिझाबेथ बेरिज. लंडनच्या नाटकात मोट्सार्ट झालेले सायमन कॅलो इथे शिकानेडर (‘जादूची बासरी’चा संहिताकार) आहेत.

संगीत पार्श्वभूमीला न ठेवता कथेचा पुरावा म्हणून वापरले आहे. कोन्स्टांझ नवऱ्याच्या मूळ प्रती चोरून आणते तो प्रसंग पाहावा. सालिएरी पाने उलटतो तशी एकेक रचना कानात वाजते, पान उलटले की तुटते, दुसरी सुरू होते. कुठेही खाडाखोड नाही. शेवटी ‘सी मायनर मास’ या प्रार्थनासंगीतावर येताच प्रती हातून निसटून फरशीवर पसरतात, आणि त्याच फरशीवरून तो तसाच निघून जातो. एब्रहॅम यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी तृप्ती आहे की यातना, हे दुसऱ्यांदा पाहूनही ठरत नाही.

आठ ऑस्कर मिळाले, त्यांत उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि प्रमुख अभिनेता (एब्रहॅम, हल्स हेही त्याच विभागात नामांकित होते). ‘अ पॅसेज टू इंडिया’साठी संगीताचे पारितोषिक घेताना मोरीस झार म्हणाले की मोट्सार्ट स्पर्धेत नव्हता हे नशीब. २००२ मध्ये सुमारे वीस मिनिटांनी वाढवलेली दिग्दर्शकाची आवृत्ती आली. कोन्स्टांझचा सालिएरीवरचा शेवटचा राग तिच्यात अधिक उलगडतो, तरी मूळ आवृत्तीची गती तिला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश.

चित्रपटाने सालिएरीला सामान्य प्रतिभेच्या माणसांचा आश्रयदाता संत ठरवले. त्याच्या संगीताची चौकशी मात्र त्यानंतर वाढली. २००३ मध्ये गायिका चेचिलिया बार्तोलीने त्याच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली, डिसेंबर २००४ मध्ये मिलानचे ला स्काला नाट्यगृह दुरुस्तीनंतर त्याच्याच ‘एउरोपा’ने उघडले, १७७८ मध्येही ते याच संगीतिकेने सुरू झाले होते. गायिका नॅन्सी स्टोरेस हिचा गेलेला आवाज परतल्याच्या आनंदात १७८५ मध्ये रचलेली, हरवली म्हणून समजली जाणारी एक लहान कृती प्रागच्या संगीत-संग्रहालयात सापडल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. शब्द संहिताकार दा पॉन्टेचे; संगीतकार तीन, त्यांत सालिएरी आणि मोट्सार्ट.