गायिकेचा चेहरा, वादकाचा हात आणि आपले कान

एखाद्या लोकप्रिय गायिकेचा विषय निघाला की हमखास दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आवाजात फारसं काही नाही, दिसायला चांगली आहे म्हणून चाललंय." दुसरा म्हणतो, "खरा रसिक डोळे मिटून ऐकतो, चेहऱ्याशी त्याला काय देणंघेणं?" भांडण जोरात चालतं, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत असतं. गाणं कानातून आत जातं, रूप डोळ्यांतून, आणि मेंदू दोघांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडतो. कुठल्या वहीतली रक्कम मोठी, एवढाच काय तो वाद. माझं म्हणणं असं की वह्या वेगळ्या आहेत हे गृहीतकच कच्चं आहे. शिवाय 'दिसणं' या नावाखाली आपण दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधतो: चेहरामोहरा आणि हालचाल.

हे सगळं टीव्हीनं बिघडवलं, असंही पुष्कळांना वाटतं. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि गाणं 'बघायची' गोष्ट झाली, ही तक्रार तेव्हापासूनची. पण १८४०च्या दशकात युरोपातल्या बायका फ्रान्झ लिस्ट या पियानोवादकाचे हातमोजे आणि रुमाल मिळवण्यासाठी झोंबाझोंबी करत होत्या. हाइनरिश हाइने या कवीनं १८४४ मध्ये या वेडाला 'लिस्टोमेनिया' असं नावही देऊन टाकलं. पियानो रंगमंचावर आडवा ठेवायची पद्धत रुजवण्याचं श्रेयही लिस्टलाच दिलं जातं. आडव्या पियानोचं उघडं झाकण आवाज सभागृहाकडे परतवतं हा फायदा आहेच, पण वादकाचा चेहरा आणि हात दिसायला लागतात हाही आहे.

लिस्ट ज्याच्या वादनानं भारावून गेला होता तो व्हायोलिनवादक पागानिनी मात्र दिसायला अगदीच वेगळा. हाडकुळा, गालफडं बसलेली, दात गेल्यामुळे तोंड आत ओढलेलं. त्याला देखणा कुणी म्हटलं नसतं. तरी त्याच्या कार्यक्रमांना झुंबड उडायची. त्यानं सैतानाला आत्मा विकलाय ही अफवा तर इतकी पसरली, की आपण माणसाच्याच पोटी जन्मलो हे पटवायला त्याला आईचं पत्र छापून आणावं लागलं. त्याच्या बोटांच्या विलक्षण लवचीकतेचं मूळ सांध्यांच्या एखाद्या विकारात असावं, असा तर्क पुढच्या काळातल्या डॉक्टरांनी मांडला आहे. सैतान हे त्या मानानं स्वस्तातलं स्पष्टीकरण. आज त्याची जागा पत्रिकेतल्या बलवान शुक्रानं घेतली आहे, किंवा चेहऱ्यावर १.६१८चं 'सुवर्ण गुणोत्तर' मोजणाऱ्या ॲप्सनी. पुरावा सगळ्यांकडे सारखाच, म्हणजे काहीच नाही.

चेहऱ्यामोहऱ्याचा भाग आधी उरकतो, कारण तो बऱ्यापैकी जुना आणि सरळ आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्ये दाखवलं की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांना गुण देताना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या सगळ्यांचे गुण एकाच दिशेनं देतात. एका बाबतीत माणूस आवडला की बाकीचे गुणही वर सरकतात. याला 'हेलो इफेक्ट' म्हणतात. १९७४ मधल्या एका प्रयोगात निबंधाला सुंदर लेखिकेचा फोटो जोडला, तर त्याच निबंधाला जास्त गुण मिळाले. निबंध सुमार असेल तेव्हा हा फायदा जास्त होता. निबंधाचं असं होत असेल तर गाणं काय सुटणार?

हालचालीचा भाग मात्र फार गमतीचा आहे.

२०१३ मध्ये चिया-जुंग त्साय या संशोधिकेचा एक शोधनिबंध गाजला. त्या स्वतः पियानो शिकलेल्या. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या १० नामांकित आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधले पहिले तीन स्पर्धक घेऊन त्यांनी लोकांना विचारलं, यातला विजेता कोण? नुसत्या अंदाजानं उत्तर बरोबर येण्याची शक्यता ३३ टक्के. काहींना फक्त आवाज ऐकवला, काहींना फक्त मूक चित्रफीत दाखवली, काहींना दोन्ही. फक्त आवाज ऐकणाऱ्यांना अंदाजापेक्षा चांगलं काही जमलं नाही. मूक चित्रफीत पाहणाऱ्यांनी सुमारे निम्म्या वेळा विजेता ओळखला, तोही ६ सेकंदांच्या तुकड्यांवरून. व्यावसायिक संगीतकारांचीही तीच गत झाली.

'दिसणंच जिंकतं' असे मथळे लगेच झळकले. त्याच निबंधातला पुढचा प्रयोग मात्र बहुतेकांनी वाचलाच नाही. चित्रफितीतून चेहरे आणि कपडे काढून टाकून फक्त हलणारी बाह्यरेषा ठेवली, तरी लोक विजेता ओळखत होते. बाह्यरेषेला कसलं आलंय रूप! विजेत्यांना वेगळं काढत होती ती वाजवण्यातली असोशी, आणि ती अंगाच्या हालचालीत दिसत होती. हेही लक्षात ठेवायला हवं की प्रयोगात 'बरोबर' उत्तर म्हणजे परीक्षकांचं उत्तर. परीक्षकांनीही डोळे उघडे ठेवूनच निकाल दिला होता. शिवाय २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटानं हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्याच चित्रफितींवर निष्कर्ष तसाच आला, पण वेगळ्या चित्रफिती घेतल्या की डळमळला. म्हणजे डोळा कानावर नेहमीच मात करतो, असा नियम यातून काढता येत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग, २००७ सालचा. करणारे मायकेल शुट्झ आणि स्कॉट लिप्सकम. वाद्य मारिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं, काष्ठतरंगासारखं मोठं वाद्य. वादकांमध्ये एक जुना वाद होता: आघात करून हात लांबलचक, डौलदार वर नेला तर स्वर जास्त वेळ टिकतो का? भौतिकशास्त्र म्हणतं, शक्यच नाही. काठी पट्टीला टेकते ती काही मिलिसेकंद. काठी उचलली गेली की पट्टी आपल्या आपण कंप पावते आणि स्वर विरत जातो. त्यानंतर वादकानं हात हवेत नेला काय किंवा खिशात घातला काय, पट्टीला पत्ता नसतो.

प्रयोगात एका नामवंत वादकानं तेच स्वर कधी लांब हात फिरवून वाजवले, कधी झटका देऊन. नुसता आवाज ऐकवला तेव्हा श्रोत्यांना दोन्ही प्रकारांच्या लांबीत फरक जाणवला नाही. चित्र जोडलं मात्र, आणि लांब हाताचा स्वर लांब वाटायला लागला. आवाजांची अदलाबदल केली, म्हणजे झटक्याचा स्वर लांब हाताच्या चित्राला चिकटवला, तरी तेच. श्रोत्यांना स्पष्ट सांगितलं होतं की फक्त आवाजाची लांबी सांगा. तरी कानात शिरलेल्या स्वराची लांबी डोळ्यांनी वाढवली. पुढे वादक काढून टाकून पडद्यावर फक्त त्याच्या काठीसारखा हलणारा एक पांढरा ठिपका ठेवला, तरी परिणाम शाबूत राहिला.

हे का होतं? यावर एक सुंदर गणिती उत्तर आहे. दोन इंद्रियांकडून एकाच गोष्टीची माहिती आली की मेंदू त्यांची सरासरी काढतो, पण मतं सारखी धरत नाही. ज्या इंद्रियाच्या अंदाजात चूक कमी, त्याच्या मताला वजन जास्त. वजन हे चुकीच्या पसाऱ्याच्या, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे विखुरतात त्याच्या, वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. समजा आवाज कुठून आला हे ठरवताना कानाच्या अंदाजाचा पसारा ३ अंश आणि डोळ्याचा १ अंश. मग वजनं १/९ आणि १, म्हणजे निर्णयात डोळ्याचा वाटा ९० टक्के. बोलक्या बाहुल्यांच्या खेळात आवाज बाहुलीच्या तोंडून आल्यासारखा वाटतो तो याच कारणानं. २००४ मध्ये डेव्हिड अलेस आणि डेव्हिड बर यांनी हे तपासलं. दृश्य मुद्दाम खूप पुसट केलं की सूत्रं कानाकडे जातात, आणि तीही साधारण या गणितानं सांगितलेल्या प्रमाणातच.

पण मारिंबा या गणितात नीट बसत नाही. जागा ओळखण्यात डोळा तरबेज असला तरी वेळ मोजण्यात कान त्याच्यापेक्षा सरस आहे. स्वर किती लांब हा वेळेचा प्रश्न. म्हणजे कानाचं वजन जास्त असायला हवं, आणि झालं उलटंच. शुट्झ यांनी मायकेल कुबोव्ही यांच्याबरोबर याचा छडा लावला. त्याच हाताच्या चित्राला सनईच्या जातीच्या क्लॅरिनेटचा, म्हणजे फुंकेवर टिकणारा स्वर जोडला, तर भ्रम नाहीसा झाला. आवाज आघाताच्या थोडा नंतर ऐकवला तर भ्रम टिकला, आघाताच्या आधी ऐकवला तर मोडला. ध्वनी प्रकाशापेक्षा संथ असल्यामुळे निसर्गात आवाज दृश्याच्या मागून येऊ शकतो, पुढे कधीच नाही. म्हणजे सरासरी काढण्याआधी मेंदू एक प्रश्न विचारत असावा: हा आवाज त्या हालचालीमुळेच झाला का? उत्तर 'हो' असेल तर हालचालीतली माहिती थेट ऐकण्यात मिसळते. ती वेगळी काढून ठेवण्याची सोय श्रोत्याकडे नसते.

त्यामुळे 'डोळे मिटून ऐका' हा सल्ला देणाऱ्याला मी एवढंच म्हणेन की डोळे मिटलेत तर तुम्ही वेगळं काही ऐकाल. ते जास्त खरं असेलच असं नाही. क्लाउस-एर्न्स्ट बेने यांनी १९९०च्या सुमारास एकाच पियानोवादनाचा आवाज वेगवेगळ्या वादकांच्या चित्रांना जोडून दाखवला होता. आवाज एकच आहे हे जवळजवळ कुणालाच कळलं नाही. संगीत शिकलेल्यांनाही दोन वादनांत फरक ऐकू आला.

लैंगिक आकर्षणाचं काय, तर तिथे निकाल सरळ नाही. नूला ग्रिफिथ्स यांनी स्त्री व्हायोलिनवादकांना वेगवेगळ्या पोशाखांत चित्रित केलं आणि सगळ्या चित्रांना तेच ध्वनिमुद्रण जोडलं. पार्टीला शोभेलशा तंग पोशाखात वाजवणाऱ्या वादक तांत्रिकदृष्ट्या आणि संगीताच्या अंगानंही कमी ठरल्या. म्हणजे जो पोशाख मुखपृष्ठावर खपतो तोच अभिजात मैफिलीत गुण कापून घेतो. हा दुहेरी मार प्रामुख्यानं बायकांच्याच वाट्याला येतो, हेही सांगायला हवं. संगीत जोडीदार मिळवण्यासाठीच उत्क्रांत झालं असावं, ही कल्पना १८७१ मध्ये डार्विननं मांडली होती, आणि अजूनही गिटारवाल्या पुरुषांबद्दलच्या बातम्यांत ती हौसेनं उगाळली जाते. गिटारची पेटी हातात असली की मुली फोन नंबर देतात, असा एक प्रयोग जगभर छापून आला होता. त्या संशोधकाच्या अनेक निबंधांतल्या आकड्यांवर नंतर गंभीर शंका घेतल्या गेल्या आणि काही निबंध मागे घेतले गेले. स्वीडनमधल्या १०,००० हून जास्त जुळ्यांवरच्या २०१५ सालच्या अभ्यासात संगीताची जाण आणि जोडीदारांच्या बाबतीतलं यश यांचं म्हणण्यासारखं नातं सापडलं नाही.

रूप खरं आड येतं ते दारात, मैफिलीच्या आधी, म्हणजे निवडीच्या वेळी. बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रानं १९५२ मध्ये पडद्याआडून ऑडिशन घ्यायला सुरुवात केली. पुढे इतरांनीही केली. चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी गालिचे अंथरले गेले. अमेरिकेतल्या आघाडीच्या पाच वाद्यवृंदांत १९७० साली स्त्रिया ५ टक्क्यांहून कमी होत्या, १९९०च्या दशकाअखेर सुमारे २५ टक्के झाल्या. यात पडद्याचा वाटा नेमका किती, यावर संख्याशास्त्रज्ञांचं एकमत नाही.

लोकप्रिय संगीतात पडदा उलटा लागतो. १९९०च्या आसपास मार्था वॉश या दमदार गायिकेचा आवाज गाजलेल्या नृत्यगीतांत वापरला गेला आणि व्हिडिओत ओठ हलवायला सडपातळ तरुणी उभ्या केल्या गेल्या. वॉश कोर्टात गेल्या आणि गायकाचं नाव छापण्याचे नियम त्यातून कडक झाले. मिली व्हॅनिली या देखण्या जोडीला १९९० मध्ये मिळालेला ग्रॅमी त्याच वर्षी काढून घेण्यात आला, कारण तबकडीवर आवाज दुसऱ्यांचे होते.

असा दारातला छोटा धक्का पुढे किती वाढतो, ते २००६ सालच्या एका प्रयोगावरून कळतं. मॅथ्यू साल्गानिक आणि सहकाऱ्यांनी १४,००० हून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली आणि त्यांतल्या बहुतेकांचे आठ वेगळे गट केले. प्रत्येक गटात आधीच्यांनी काय डाउनलोड केलं ते दिसत होतं. एकच गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या मूठभर निवडींवर ठरलं. त्या मूठभर निवडींत एखादा चेहरा थोडा जास्त आवडला, तर पुढचं काम गर्दीच करते.

चेहरा पूर्ण झाकून यशस्वी झालेलेही आहेतच. डाफ्ट पंक या जोडीनं वर्षानुवर्षं हेल्मेटं घातली. सिया या गायिकेनं २०१४ मध्ये टीव्हीवर भिंतीकडे तोंड करून गाणं म्हटलं. पण मंच तिनं मोकळा सोडला नव्हता. तिच्या त्या गाण्यावर एक लहान मुलगी पूर्ण वेळ नाचत होती.