टाइमलॅप्स आणि पळवलेला व्हिडिओ

ऐरोलीच्या खाडीवर भरतीचा टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेला शॉट, टिपायला बसलो होतो. सोबतचा पोरगा म्हणाला, "दादा, सरळ व्हिडिओ लावून ठेवू, एडिटला पळवू. एकच ना?" पडद्यावर दोन्हीकडे ढग धावतात, त्यामुळे बऱ्याच जणांना तसंच वाटतं.

हिशेब बघा. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांच्या वर जातात. माहितीपटात त्यांना मिळणार फार तर १० सेकंद. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर लागणार २५० चित्रं. ६ तास व्हिडिओ लावला तर ५,४०,००० फ्रेम होतात. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर २७० जीबी. त्यातली दर २,१६० फ्रेममागे एकच ठेवायची, बाकी कचरा. टाइमलॅप्समध्ये कॅमेरा मुळातच थांबून थांबून फोटो काढतो. मी दर १० सेकंदांनी एक काढतो, नंतर गाळायला मोकळा.

खरी गोम शटरची. व्हिडिओत ते बहुधा १/५० सेकंदच उघडतं, त्यामुळे इतका पळवला की पाणी नुसतं थरथरतं. टाइमलॅप्समध्ये एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काळपट काच) लावून शटर चार-पाच सेकंद उघडं ठेवता येतं. पाणी सायीसारखं सरकतं, तिवरांच्या मुळांवर हळूच चढतं. फक्त एक्स्पोजर (उजेड), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) सगळं मॅन्युअल हवं. ऑटोवर राहिलं की फोटोगणिक उजेड बदलतो आणि शॉट जुन्या ट्यूबलाइटसारखा लुकलुकतो.

आणि ट्रायपॉड! त्या दिवशी त्याचा एक पाय चिखलात जेमतेम बोटभर रुतला. जागेवर कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरी बघतो तर भरती येतेय आणि अख्खी खाडी डावीकडे कलतेय. सहा तास पाण्यात. आता पायांखाली फळीचे तुकडे ठेवतो.

फ्लेमिंगोंचा थवा उठणार असेल तर मात्र टाइमलॅप्स कुचकामी. दोन फोटोंच्या मधल्या फटीतच पक्षी निघून जातात. येऊरच्या डोंगरावरून पाच मिनिटांत उतरणारा ढगही व्हिडिओवरच घ्यावा, आठपट पळवावा.

टाइमलॅप्सला आवाजही नसतो. त्यामुळे व्हिडिओ लावू म्हणणारा पोरगा पुढच्या खेपेला रेकॉर्डर घेऊन चिखलाची बुडबुड टिपत बसला, पुलावरची गर्दी ओसरायची वाट बघत.