हौशी खेळ आणि उत्तेजके : नियमांमागचा इतिहास

उत्तेजक द्रव्यांचा विषय निघाला की पदके काढून घेतलेले नामांकित विजेते आठवतात. पण या इतिहासातील सुरुवातीचे एक ठळक उदाहरण हौशी धावपटूचेच आहे. १९०४ साली सेंट लुईस येथील ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला शर्यत सुरू असताना स्ट्रिक्निन (अल्प मात्रेत उत्तेजक म्हणून दिले जाणारे विष) आणि ब्रँडी पाजण्यात आली होती, आणि त्या वेळी ते कोणत्याही नियमाविरुद्ध नव्हते. आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने १९२८ मध्ये उत्तेजकांवर बंदी घातली खरी, परंतु तपासणीची सोयच नसल्याने ती बराच काळ कागदावर राहिली.

१९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढणीवर सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळून मरण पावला व त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक औषध आढळले. पुढच्याच वर्षी ऑलिम्पिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या. (त्यात पहिला अपात्र ठरला तो एक स्वीडिश खेळाडू, तोही मद्यापायी.) १९७६ मध्ये स्टेरॉइडची, म्हणजे स्नायू वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या संप्रेरकवर्गीय औषधांची, चाचणी आली, १९८८ मध्ये कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन याचे सुवर्णपदक गेले, १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था अर्थात ‘वाडा’ स्थापन झाली आणि २००४ पासून तिची नियमसंहिता लागू झाली. ही सारी यंत्रणा मुख्यतः वरच्या पातळीवरील स्पर्धांसाठी उभी राहिली. व्यायामशाळेत किंवा शाळेच्या संघात काय चालते, याकडे तिचे फारसे लक्ष नव्हते.

तेथे प्रश्न वेगळाच होता. स्टेरॉइडने कामगिरी सुधारते याचा निर्णायक पुरावा नाही, अशी भूमिका ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने १९७७ मध्ये घेतली होती. वजन उचलणाऱ्यांना मात्र उलटा अनुभव येत होता. १९८० च्या दशकात संस्थेने भूमिका बदलली, तोवर डॉक्टरांच्या शब्दावरचा विश्वास बराच उडाला होता. आणि जो परिणामाबद्दल चुकला, तो दुष्परिणामांबद्दल खरे सांगत असेल असे तरुणांना का वाटावे? प्रबोधनाची खरी अडचण येथे सुरू झाली, असे मला वाटते. केवळ भीती घालण्यापेक्षा फायदे आणि धोके दोन्ही प्रामाणिकपणे सांगितल्यास धोके मुलांना अधिक पटतात, असे पुढे अमेरिकेतील ओरेगन राज्यातील अभ्यासात दिसले. त्यातूनच १९९० च्या दशकात तेथील शालेय अमेरिकन फुटबॉल संघांसाठी ‘अ‍ॅटलस’ हा कार्यक्रम आकाराला आला, ज्यात सहखेळाडूच आहार, व्यायाम आणि औषधांविषयी एकमेकांना शिकवत.

खेळाडू घेतात त्या पूरक आहाराचा (पावडर, गोळ्या इत्यादींचा) धोका त्यानंतर आकड्यांत पुढे आला. २०००-२००१ मध्ये जर्मनीतील कोलोनच्या उत्तेजक-चाचणी प्रयोगशाळेने १३ देशांतून घेतलेल्या ६३४ उत्पादनांपैकी ९४ मध्ये वेष्टनावर न लिहिलेली स्टेरॉइडवर्गीय संप्रेरके सापडली. फसवण्याचा हेतू नसलेला खेळाडूही अशा डब्यामुळे दोषी ठरू शकतो, आणि हौशी खेळाडूकडे तर सल्ल्यासाठी संघाचा डॉक्टरही नसतो.

‘वाडा’च्या २०२१ च्या संहितेत प्रथमच हौशी खेळाडूंची स्वतंत्र व्याख्या आली. त्यांच्या बाबतीत शिक्षा ठरवताना अधिक लवचिकता ठेवण्यात आली असून, निकाल जाहीर करणे बंधनकारक नाही. दमा किंवा रक्तदाबासारख्या आजारासाठी बंदी असलेले पण खरोखर गरजेचे औषध घेणाऱ्या हौशी खेळाडूला चाचणी झाल्यानंतरही उपचारार्थ सवलतीचा अर्ज करता येतो.