वॉर्डातलं ‘ओव्हर’ आणि तक्त्यातला चौथा रकाना

सकाळी आठच्या सुमारास ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या एखाद्या जनरल वॉर्डात डोकावलं, की नाईटची सिस्टर मॉर्निंगवालीला ओव्हर देत असते, म्हणजे पाळी बदलताना एकेका पेशंटची माहिती सोपवत असते. ‘सात नंबर, आजोबा, काल हर्निया झालाय, दहाचा अँटिबायोटिक बाकी, रात्रीपासून युरिन कमी आहे.’ बोलता बोलता युरिन बॅग उचलून दाखवायची, सलाईनवरचं लेबल वाचायचं, पुढच्या खाटेकडे वळायचं. हल्ली बऱ्याच ठिकाणी यासाठी छापील तक्ता असतो. त्याचं मूळ मात्र नर्सिंगमध्ये नाही.

पाळी बदलली की कामाचा धागा तुटतो, ही अडचण नर्सिंगला फार आधीच कळली होती. आपण हजर असताना जे होतं ते आपण नसतानाही व्हायला हवं, आणि ते कसं होईल हे पाहणं आपलंच काम, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ सालीच लिहून ठेवलं. पुढे रिपोर्ट बुक आलं. पण या सगळ्या व्यवस्थेत हुकूम वरून खाली यायचा आणि खालून वर जायची ती फक्त नोंद. ‘मला हे बरं दिसत नाही’ असं म्हणायला रजिस्टरात जागाच नव्हती.

हे मौन किती महाग पडू शकतं, ते दिसलं विमानतळावर. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, विमानतळाच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो जेट आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कप्तानाने परवानगी नसतानाच विमान पळवलं होतं. समोरचं विमान अजून धावपट्टीवरच असेल, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कप्तान कंपनीतला बडा प्रशिक्षक. त्याने ती उडवून लावली आणि विषय तिथेच संपला. वैमानिकांना कनिष्ठांचं ऐकायला आणि कनिष्ठांना ठामपणे बोलायला शिकवणारं प्रशिक्षण अशाच धड्यांतून उभं राहिलं.

दवाखान्यांना जाग यायला आणखी वीसेक वर्षं लागली. अमेरिकेत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये मांडला. त्यानंतर कोलोरॅडोत कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या मायकल लिओनार्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची बोलण्याची पद्धत वॉर्डात आणली. तीच ‘एस-बार’. आत्ता काय चाललंय, आधी काय झालंय, मला काय वाटतं आणि पुढे काय करावं, असे चार रकाने. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यात ओव्हरच्या वेळचं बोलणं होतं आणि त्यासाठी एस-बारची शिफारसही. आपल्याकडे या गोष्टींना रेटा मिळाला तो रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘एनएबीएच’ या मंडळाच्या मानांकनामुळे. खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी तक्ता येतो तो ऑडिटच्या धाकाने.

इथल्या वॉर्डाची तऱ्हा आणखी वेगळी. नेरूळ-खारघरच्या खासगी रुग्णालयांत निम्मं ओव्हर हिंदीत, औषधांची नावं इंग्रजीत, आणि दोघी केरळच्या असल्या तर बाकीचं मल्याळममध्ये. जवळच उभ्या मावशींना त्यातलं काही कळत नाही, आणि पेशंटला रात्रभर उठवून-बसवून केलेलं असतं त्यांनीच. रविवारी मेगाब्लॉक असला की रिलीव्हर पनवेलच्या गाडीत अडकते, नाईटवालीला घरी पोचायची घाई, आणि ओव्हर लिफ्टपाशी उभ्या-उभ्या उरकतं.

पहिले दोन रकाने कुणीही भरतं. तिसऱ्यात ‘स्टेबल’ लिहून सुटता येतं. ज्याच्यासाठी ही सगळी उसनवारी झाली त्या चौथ्यात मात्र पानोपानी ‘कंटिन्यू सेम’ दिसतं. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेवर परिसेविका, तिच्यावर अधिसेविका, आणि डॉक्टरांची उतरंड वेगळीच. तिथे रात्री दोनला रेसिडेंटला ‘सर, सात नंबरला येऊन बघा, मला किडनीची शंका येतेय’ असं सांगायचं, तर आधी ‘तू डॉक्टर आहेस का?’ हे ऐकून घ्यायची तयारी लागते.