चेन ‘ताणली’ जाते म्हणजे नेमकं काय होतं?

पावसाळा संपत आला की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, "चेन ताणली गेलीय, कडी काढून देतो." मोटरसायकलच्या चेनच्या पट्ट्या पोलादी असतात. इंजिनच्या ओढीने त्या अगदी किंचित लांबतात आणि ओढ संपली की मूळ लांबीवर परत येतात. कायमच्या ताणल्या जाव्यात एवढा जोर रोजच्या वापरात त्यांच्यावर येतच नाही. तरी चेन लांबते हे खरं आहे. ती लांबते सांध्यांमधून. हा सांधा समजला की चेनऐवजी वापरतात त्या बेल्ट आणि शाफ्टचे (फिरत्या दांड्याचे) गुणदोषही पटकन ध्यानात येतात.

हान्स रेनॉल्ड यांनी 1880 साली इंग्लंडमध्ये जिचं पेटंट घेतलं, तीच रचना आजही आपल्या गाडीवर आहे. चेनमध्ये दोन प्रकारच्या कड्या आलटून पालटून येतात. आतल्या कडीत दोन पट्ट्यांमध्ये दोन पोकळ, नळीसारखे बुश घट्ट दाबून बसवलेले असतात आणि बुशवर रोलर मोकळे फिरतात. बाहेरच्या कडीच्या दोन पिना या बुशांमधून आरपार जातात. चेन वाकते तेव्हा पिन बुशच्या आत फिरते आणि घर्षण होतं ते तिथे, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. बाहेरून रोलर चकचकीत आहेत म्हणून चेन चांगली, असं मानण्यात काही अर्थ नाही.

आता थोडा हिशोब. रोजच्या वापराच्या कम्यूटर गाड्यांवर बहुधा 428 नंबरची चेन असते. त्यातला 4 म्हणजे अर्ध्या इंचाचा पिच, दोन लगतच्या पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर. समजा चेन 108 पिचची आहे, मागच्या स्प्रॉकेटला (दातेरी चक्राला) 42 दाते आहेत, पुढच्याला 14 आणि टायरचा घेर 1.9 मीटर. एका किलोमीटरला चाक सुमारे 526 फेरे घेतं आणि चेन सुमारे 205. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा वाकतो: पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना, उतरताना, मग मागच्यावर तसंच. म्हणजे किलोमीटरला 820 वेळा, आणि 20,000 किलोमीटरला दीड कोटीहून जास्त वेळा. पुढच्या स्प्रॉकेटवर हे वाकणं जवळजवळ 26 अंशांचं, मागच्यावर फक्त साडेआठ अंशांचं. पिकअप वाढवायला पुढे लहान स्प्रॉकेट टाकलं की चेन लवकर जाते, त्याचं एक मोठं कारण हे.

सुमारे साडेचार मिलिमीटर जाडीची पिन आणि तिचा बुश मिळून पाव मिलिमीटर झिजले, की 108 सांध्यांची बेरीज होते 27 मिलिमीटर. चेन 2 टक्के लांबली. यातली एक गंमत बघा: आतल्या कडीची लांबी बदलतच नाही, कारण बुश पट्टीत घट्ट बसलेले असतात. वाढतं ते बाहेरच्या कडीवरचं, एका आतल्या कडीपासून पुढच्या आतल्या कडीपर्यंतचं अंतर. म्हणजे झिजलेल्या चेनमध्ये एक पिच बरोबर आणि त्याला लागून पुढचा लांब असतो.

स्प्रॉकेटचे दाते मात्र 12.7 लाच कापलेले. लांब झालेली चेन त्यावर बसायला मोठं वर्तुळ शोधते, म्हणून रोलर खाचेच्या तळातून वर सरकतात. 42 दातांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या 85 मिलिमीटर, तिचे 2 टक्के म्हणजे 1.7 मिलिमीटर. 14 दातांवर हीच सरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे रोलर दाताच्या टोकाकडे जातात ते मागच्या स्प्रॉकेटवर, आणि दात आकड्यासारखे वाकडे झिजतात. गॅरेजवाला कडी काढतो तेव्हा आतली आणि बाहेरची अशी जोडी काढावी लागते, म्हणजे चेन 25.4 मिलिमीटरने आखूड होते. उरलेल्या 106 सांध्यांमधली झीज आहे तिथेच राहते, चुकीचा पिचही तसाच. सैलपणा गेला असं वाटतं, पण दात खाणं चालूच असतं. नवीन चेन जुन्या स्प्रॉकेटवर घातली तरी तेच. म्हणूनच पूर्ण चेन सेट, म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, बदलायचा.

मोजायचं कसं? गाडी डबल स्टँडवर लावा, चेन ओढून ताठ करा आणि 20 पिच मोजा. 428 चेनला नवीन असताना 254 मिलिमीटर भरतात, 259 झाले की चेन संपली. दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. मोजपट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढा. अर्धा दात उघडा पडला तर वेळ झाली.

घट्ट चेन चांगली, हा दुसरा गैरसमज. मागचं चाक शॉकअपबरोबर वर-खाली होतं. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. स्टँडवर ताठ केलेली चेन डबलसीट बसून खड्ड्यात गेल्यावर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढते. कम्यूटरला साधारण 20 ते 30 मिलिमीटर खेळ (सैलपणा) ठेवतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चाक फिरवत फिरवत चेन सगळ्यात घट्ट लागेल त्या जागी हा खेळ तपासा. चेन लॉकच्या (चेनची टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं.

साध्या चेनला तेल पिन आणि बुशमध्ये जायला हवं, म्हणून 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या फटीत, चेन कोमट असताना. वरून थापलेलं ग्रीस आत पोचत नाही. ते धूळ धरतं आणि पॉलिश पेपरचं काम करतं. इंजिनचं काळं जुनं तेलही नको, त्यात धातूची भुकटी असते. ओ-रिंग (रबरी कडी) असलेल्या चेनमध्ये ग्रीस कारखान्यातच आत कोंडलेलं असतं. तिला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावला तर रबर जातं आणि चेनही जाते. रॉकेल चालतं. दसऱ्याला प्रेशरने गाडी धुऊन हार घालतात, लिंबू-मिरचीही बांधतात. धुतल्यानंतर तेल मात्र राहून जातं आणि आठवड्यात चेन गंजते. चेनला वाचवतं ते तेलच, लिंबू नव्हे.

बेल्टमध्ये सांधाच नाही. पॉलियुरेथेनमध्ये कार्बन किंवा अ‍ॅरामिडचे दोर असतात, ते झिजून लांबत नाहीत, आणि तेल लागत नाही, लावायचंही नाही. हार्ले-डेव्हिडसनने 1980 च्या स्टर्जिस मॉडेलवर दातेरी बेल्ट आणला. आपल्याकडे एथर 450 या इलेक्ट्रिक स्कूटरवर तो दिसतो. अ‍ॅक्टिव्हाच्या बेल्टशी याची गल्लत करू नका. तो गिअरबॉक्सची जागा घेतो आणि चाकाला शक्ती शेवटी गिअरनेच मिळते. बेल्टचा शत्रू खडा. दात आणि पुलीत खडा दबला की आतले दोर तुटतात. बाहेरून फक्त छोटा डाग दिसतो आणि काही दिवसांनी बेल्ट रस्त्यात तुटतो. तो जोडता येत नाही. अनेक गाड्यांत नवीन घालायला स्विंगआर्म सोडवावा लागतो. हातात घेतल्यावर त्याला घट्ट वळसा देणं किंवा दुमडणं म्हणजेही दोर मोडणं.

शाफ्टमध्ये घासणारे भाग बंद घरात, तेलात असतात. बीएमडब्ल्यूच्या 1923 च्या आर 32 मध्ये क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनचा दांडा) गाडीच्या लांबीला समांतर होता, म्हणून शाफ्ट सरळ मागे गेला आणि काटकोनात वळणं एकदाच, चाकापाशी, आलं. आडव्या क्रँकच्या गाडीला असं वळण दोनदा द्यावं लागतं, आणि प्रत्येक बेव्हल गिअरला (शक्ती काटकोनात वळवणाऱ्या गिअरला) थोडी शक्ती जाते, वजनही वाढतं. शिवाय थ्रॉटल दिला की पिनियन (लहान गिअर) मोठ्या गिअरवर चढू पाहतो आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. बीएमडब्ल्यूने 1987 पासून पॅरालिव्हरच्या जादा दांडीने हा परिणाम बराच कमी केला.

शाफ्टवाल्यांनी मागच्या घरातलं तेल मॅन्युअलप्रमाणे बदलावं, काही गाड्यांत ते जेमतेम 200 मिलिलिटर असतं. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट असेल तर चिंता नाही. बोटांना टोचणारे तुकडे किंवा चकत्या लागल्या तर बेअरिंग किंवा गिअर सुटतंय, आणि गाडी तिथेच थांबवायची.