दे म्हटलं तरी बाळ सोडत का नाही?

आठ-नऊ महिन्यांच्या बाळापुढे हात पसरून "दे, आईला दे" म्हटलं की ते खुळखुळा पुढे करतं, आपल्या तळहातावर टेकवतंही. पण सोडत मात्र नाही. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "आत्तापासून किती चिकट!" मला हे ऐकवत नाही. बाळाला बहुतेक वेळा द्यायचंच असतं, फक्त त्याची बोटं उघडत नाहीत.

पकडणं बाळ जन्मतःच घेऊन येतं. नवजात बाळाच्या तळहाताला आपलं बोट लागलं की मूठ आपोआप मिटते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिच्यात बाळाची इच्छा नसते. पाच-सहा महिन्यांपर्यंत ती मावळते, कारण मेंदूच्या वरच्या भागाचा हातावरचा ताबा वाढत जातो. तिथून मज्जारज्जूत उतरणाऱ्या चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं आवरण चढतं, संदेश भरभर पोहोचू लागतात आणि हळूहळू एकेक बोट वेगळं हलवता येतं.

सतरंजीवर पडलेला एखादा कुरमुरा बाळ कसं उचलतं ते जरूर बघा. सातव्या महिन्यात ते अख्खा पंजा फिरवून तो ओढून घेतं, आणि मग तो मुठीत कुठे गेला ते त्यालाच कळत नाही. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास तर्जनी पुढे येते. आधी ती कुरमुऱ्याला नुसतीच टोचून बघते, मग समोरून अंगठा येतो आणि चिमूट जमते. याच दिवसांत जमिनीवरचे शेंगदाणे, फुटाणे आणि रिमोटमधले बटणासारखे सेल यांची फार धास्ती बाळगावी. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं, त्यामुळे गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठायचा.

सोडणं याहून अवघड. घट्ट आवळलेले स्नायू ढिले करायचे आणि नेमक्या क्षणी बोटं उघडायची, दोन्ही एकदम. म्हणून सुरुवातीला बाळ वस्तू कशावर तरी टेकवतं, त्या आधाराने बोटं सैल करू पाहतं किंवा दुसऱ्या हाताने ती ओढून काढतं. तळहातावर टेकवलेला खुळखुळा हा असाच प्रयत्न असतो. महिना-दीड महिन्यात तो खरोखर आपल्या हातात पडतो.

आणि एकदा सोडणं जमलं की बाळ थांबत नाही. चमचा खाली, वाटी खाली, उचलून दिली की पुन्हा खाली. स्टीलची वाटी ठणठणत गोल फिरते, कापडी चेंडू मुकाट पडतो. बाळ वाकून खाली बघतं, मग आपल्याकडे बघतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्या तिन्ही मुलांच्या अशा हालचाली बारकाईने टिपून ठेवल्या होत्या. त्यांचा लोराँ दहा महिन्यांचा असताना हात वेगवेगळ्या दिशांना लांबवून वस्तू सोडायचा आणि ती कुठे पडते ते बघायचा. पडलेली वस्तू नजरेआड झाली तरी कुठेतरी आहे, ही समज पियाजेंच्या मते साधारण आठव्या महिन्यानंतर आकार घेते. 1985 मध्ये मानसशास्त्रज्ञ रेने बेयार्जाँ आणि सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगांतून तिची चाहूल त्याआधीच लागते असं दिसलं. तिथे बाळांना हात वापरायचे नव्हते, फक्त बघायचं होतं.

म्हणून दहाव्यांदा चमचा पडला तरी उचलून द्यावा, असं मला मनापासून वाटतं. कंटाळा आला तर समोर एक डबा ठेवावा. वर्षाच्या आसपास बाळ त्यात वस्तू टाकायला आणि काढायला लागतं.

बाळाबाळांत एखाद-दोन महिन्यांचा फरक असतोच, त्याची काळजी नको. एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू द्या. पहिल्या वर्षात बाळाने दोन्ही हात सारखेच वापरायला हवेत. ते कायम एकच हात पुढे करत असेल आणि दुसऱ्याची मूठ मिटलेलीच राहत असेल, तर "डावरा होणार वाटतं" म्हणून सोडून न देता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.