रिकाम्या क्रेटचा परतीचा प्रवास

वरूड, मोर्शी, काटोल किंवा नरखेडच्या बागेत तोडलेले संत्रे नागपूरच्या कळमना बाजारात अजूनही पुष्कळदा सुटेच जाते. गाडीच्या हौदात तणीस अंथरायची, वर फळ ओतायचे आणि ताडपत्री आवळायची, ही पद्धत स्वस्त आहे. पण ढीग सव्वा मीटर उंच आणि फळ सहा-सात सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर तळाच्या फळावर अठरा-एकोणीस थरांचा भार येतो. तेच फळ ३० सेंटिमीटर उंचीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरले, तर त्याच्या डोक्यावर तीनच थर राहतात, कारण वर रचलेल्या क्रेटचे वजन फळावर न येता खालच्या क्रेटच्या भिंतींतून जमिनीपर्यंत पोहोचते. वरचा भार फळाला लागू न देणे हेच क्रेटचे पहिले काम. काठाच्या वर शीग लावून भरलेला क्रेट हे काम करूच शकत नाही, आणि भिंती दबणारा क्रेटही करत नाही. घडीचा, म्हणजे रिकामा असताना भिंती मिटून सपाट होणारा क्रेट घ्यावा की अखंड साच्यातून निघालेला, हा प्रश्न म्हणूनच किमतीच्या आधी या भिंतींपाशी तपासावा लागतो.

नागपुरी संत्र्याच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे. त्याची साल सैल असते आणि त्या सालीत तेलाच्या बारीक ग्रंथी खच्चून भरलेल्या असतात. फळ दाबले गेले की ग्रंथी फुटतात, बाहेर आलेले तेल आजूबाजूच्या पेशी मारते आणि तेथे डाग उमटतो. त्याहून मोठे नुकसान जखमेतून होते. पेनिसिलियम डिजिटॅटम ही संत्रावर्गीय फळांवरची हिरवी बुरशी अखंड सालीतून सहसा आत शिरू शकत नाही. सालीला ओरखडा पडला की मात्र तिला दार मिळते, आणि मग एका फळावरचे बीजाणू सबंध क्रेटभर पसरतात.

आता भाराचा हिशेब पाहू. क्रेटमध्ये २० किलो फळ आणि क्रेटचे स्वतःचे वजन सुमारे २ किलो धरले, तर एकावर एक सात क्रेट रचल्यावर तळाच्या क्रेटवर सहा क्रेटचे १३२ किलो, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर ३३ किलो येतात. हे झाले शेडमध्ये थप्पी स्थिर उभी असताना. गाडीत चारच थर रचले तरी खड्ड्यातून चाक उसळताना तळाच्या क्रेटवरचा भार क्षणभर दुप्पट होऊ शकतो, आणि ब्रेक लागला की थप्पी पुढे झुकून तो दोन कोपऱ्यांवर एकवटतो. अखंड क्रेटमध्ये दोन भिंती आणि तळ कोपऱ्यात एकाच प्लास्टिकने सलग जोडलेले असतात. त्यामुळे एक भिंत वाकू लागली की शेजारची तिला धरते. घडीच्या क्रेटमध्ये ही सलगता जागोजाग तोडलेली असते. भिंत तळाशी बिजागरीने आणि शेजारच्या भिंतीशी खटक्याने जोडलेली असते, आणि बिजागरी फिरण्यासाठीच बनवलेली असल्याने वाकण्याला विरोध करत नाही. घराचा भार आपण चौकटीवर टाकतो, दाराच्या पल्ल्यावर नाही. घडीच्या क्रेटमध्ये मात्र पल्ल्यांनाच चौकटीचे काम करावे लागते. चांगले उत्पादक यासाठी भिंतीच्या कडा एकमेकींत अडकवतात आणि उभ्या फासळ्या वाढवतात. फासळीची खोली दुप्पट केली की तिचा ताठपणा जवळपास आठपट होतो, म्हणून थोड्या प्लास्टिकमध्येही पुष्कळ साधते. तरीही एकाच मापाचा घडीचा क्रेट अखंड क्रेटपेक्षा बहुधा जड भरतो आणि त्याच्या भिंती जाड असल्याने आतली जागा थोडी कमी होते.

विदर्भात या सगळ्याला उन्हाची जोड मिळते. अखंड क्रेट बहुतेक उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचे असतात, तर घडीच्या क्रेटसाठी पॉलिप्रॉपिलीन अधिक वापरले जाते, कारण ते जास्त ताठ असते. पहिले सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते, दुसरे १६० अंशांच्या पुढे. त्यामुळे ४५-४६ अंशांच्या उन्हाळ्याने काय बिघडणार, असे वाटू शकते. परंतु प्लास्टिक वितळण्याच्या कितीतरी आधी ढिले पडते. उन्हात ठेवलेला गडद रंगाचा क्रेट हवेपेक्षा बराच जास्त तापतो, आणि ६० अंशांच्या आसपास पॉलिथिलीनचा ताठपणा खोलीच्या तापमानाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय भार सतत राहिला तर प्लास्टिक हळूहळू सरकत जाते आणि भार काढल्यावरही पूर्ण मूळ आकारात परतत नाही. अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यातून आलेल्या फळाची तोड पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर असल्याने तिला याचा फारसा त्रास नाही. मृग बहाराचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचे फळ मात्र फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघते, आणि तेव्हा शेडबाहेर रचलेल्या थप्पीचा तळ फुगलेला दिसतो तो यामुळेच. पॉलिप्रॉपिलीन तापमान जास्त सोसते, पण त्याच्या रेणूची रचना अशी असते की अतिनील किरणांनी सुरू होणारे ऑक्सिडीकरण त्याला लवकर पोखरते. प्रकाशरोधक घटक मिसळलेले नसतील, तर पृष्ठभाग पांढुरका होतो, बारीक भेगा पडतात, आणि सर्वांत आधी तुटतो तो खटका, कारण तो सर्वांत बारीक असतो आणि रोज वाकवला जातो. काजळी मिसळलेला काळा क्रेट उन्हाच्या किरणांना चांगला टिकतो, मात्र तापतोही अधिक. बाजारातला स्वस्त काळा क्रेट पुष्कळदा पुनर्वापराच्या प्लास्टिकचा असतो. रेणूंच्या साखळ्या आधीच तुटलेल्या असल्याने तो ठिसूळ निघतो, हे घेताना लक्षात ठेवावे.

इतके दोष असूनही घडीचा क्रेट विचारात घ्यावा लागतो, कारण भरलेला क्रेट एकाच दिशेने जातो आणि रिकामा परत यावा लागतो. ६०० × ४०० × ३०० मिलिमीटर मापाचा क्रेट बाहेरून ७२ लिटर जागा व्यापतो. त्यातील प्लास्टिक सुमारे दोनच लिटर भरते; म्हणजे अखंड क्रेट परत आणताना आपण सुमारे ९७ टक्के हवा वाहतो. "खाली कॅरेटचं भाडं कोन देईन?" हा वरूड-मोर्शीकडच्या गाडीवाल्याचा प्रश्न त्या हवेविषयीच आहे.

पिकअपचा हौदा २.७ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद धरला, तर एका थरात १६ आणि चार थरांत ६४ क्रेट बसतात; भरलेल्या क्रेटचे वजन सुमारे १,४०० किलो होते. परतीला हे ६४ अखंड क्रेट पुन्हा पूर्ण हौदा अडवतात. घडी केल्यावर प्रत्येकाची उंची साडेसात सेंटिमीटर राहत असेल, तर रुंदीत चार आणि उंचीत सोळा असे ते केबिनला टेकून फक्त ६० सेंटिमीटर लांबीत मावतात, आणि उरलेला २.१ मीटर हौदा खताची पोती, ढेप किंवा किराण्यासाठी मोकळा राहतो. समजा अखंड क्रेट ३०० रुपयांना आणि घडीचा ७०० रुपयांना पडतो. ६४ क्रेटमागे जादा खर्च २५,६०० रुपये झाला. परतीच्या मालाचे प्रत्येक फेरीला ८०० रुपये सुटले, तर ३२ फेऱ्यांत तो वसूल होतो. पण परतीचा माल नसेल आणि गाडी तशीही रिकामीच येणार असेल, तर घडी करून काहीच वाचत नाही. उलट प्रत्येक क्रेट ८०० ग्रॅम जड असेल, तर वजनाच्या मर्यादेपर्यंत भरलेल्या गाडीत दर फेरीला दोन क्रेटहून अधिक माल कमी बसतो. विक्रेते हिशेब मांडताना ही दुसरी बाजू क्वचितच सांगतात.

बचतीची आणखी एक जागा आहे, आणि माझ्या मते ती गाडीपेक्षाही दुर्लक्षित आहे. दोन बहारांच्या मधल्या महिन्यांत क्रेट ठेवायचे कुठे? हजार अखंड क्रेट ७२ घनमीटर जागा मागतात, म्हणजे तीन मीटर उंच असलेली २४ चौरस मीटरची खोली काठोकाठ भरते. अशी खोली कोणाकडे रिकामी नसते, म्हणून क्रेट मे महिन्यात धुऱ्यावर उघडे पडतात आणि उन्हाने त्यांचे आयुष्य घटते. घडी केलेले हजार क्रेट १८ घनमीटरमध्ये, छपराखाली राहतात.

घडीच्या क्रेटचा विदर्भातला खरा शत्रू मात्र काळी माती आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर दगडासारखे घट्ट होतात. बागेत ठेवलेल्या क्रेटच्या बिजागरीत ही माती गेली की भिंत पूर्ण उभी राहत नाही, खटका अर्धवट बसतो. मजूर त्यावर टाच मारतो आणि खटका तुटतो. अर्धवट बसलेला खटका बाहेरून दिसत नाही, पण वर तीन क्रेट चढल्यावर भिंत आत कोसळू शकते. धुतानाही बिजागरीतल्या फटीत रस, पाने आणि बुरशीचे बीजाणू अडकतात. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवण्याआधी त्या फटी ब्रशने साफ केल्या नाहीत, तर क्लोरीन त्या मळातच खर्च होतो.

तिसराही एक मार्ग आहे: उतरत्या भिंतींचे, रिकामे असताना एकात एक बसणारे आणि १८० अंशांनी फिरवले की एकावर एक रचता येणारे क्रेट. त्यांत बिजागरी नसते. भिंती तिरप्या असल्याने तळाशी थोडी जागा जाते आणि परतीची जागा घडीच्या क्रेटइतकी वाचत नाही. लहान उत्पादकाला हा मधला पर्याय बऱ्याचदा सर्वांत पटणारा ठरावा.

बाग ते गावातले संकलन केंद्र या चिखलाच्या, आदळआपटीच्या टप्प्यात अखंड क्रेटच वापरावेत. प्रतवारीनंतर केंद्रातून नागपूर किंवा त्यापुढे, पक्क्या फरशीवर उतरवून घेणाऱ्या आणि तोच क्रेट परत देणाऱ्या ग्राहकाकडे माल जात असेल, तर घडीचे क्रेट पैसे फेडतात. व्यापारी क्रेट परत देईल याची खात्री नसेल, तर दोन्ही प्रकारांपैकी महागडा क्रेट आधी हरवतो. अनामत रक्कम घेतल्याशिवाय तो बाजारात सोडू नये.

खरेदीपूर्वी नमुन्याचे सात क्रेट मागवावेत. प्रत्येकात २० किलो मातीची पिशवी ठेवून ते दुपारच्या उन्हात एकावर एक रचावेत आणि तळाच्या क्रेटच्या लांब भिंतीवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, मधल्या फुगवट्याला न टेकेल असा थोडा पुढे ओढून, दोरा ताणावा. दोरा आणि भिंतीचा मध्य यांतील अंतर सकाळी थप्पी रचण्यापूर्वी, संध्याकाळी भाराखाली आणि दुसऱ्या दिवशी भार काढल्यावर मोजावे. तिसरे माप पहिल्यापाशी परतले, तर भिंत फक्त लवली होती. परतले नाही, तर प्लास्टिक सरकले आहे आणि एप्रिलच्या तोडीला तो क्रेट सात थर धरणार नाही. घडीच्या नमुन्याची एक कसोटी आणखी घ्यावी: बिजागरीत ओली काळी माती भरून ती वाळू द्यावी, आणि नंतर हातोडा न वापरता चारही खटके बसतात का ते पाहावे.